वय ५८, गुडघा खराब, दारात हिमालयन ४११. विकू, ठेवू की हलकी गाडी घेऊ?

सत्तरीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचत बसतो, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या, मास्तर माणूस आहे, थोडक्यात सांगायची सवय नाही.

तर झालं असं की ३ आठवड्यांपूर्वी माझी हिमालयन (रॉयल एनफील्डची ४११ सीसीची बाइक) पडली. खारदुंगलाला नाही, स्पितीत नाही, इथे गोव्यात, डिचोलीत आमच्या स्वतःच्या दारात. गेटपाशी जांभ्या चिऱ्यांची फरसबंदी आहे, तिच्यावर पावसाचं शेवाळ धरलेलं, मी गाडी मागे घेऊन वळवत होतो, डावा पाय टेकला तो सरकला आणि जवळपास २०० किलोचं ते धूड म्हैस चिखलात बसते तसं सावकाश आडवं झालं. लागलं काही नाही. पण उचलता येईना. दोनदा जोर लावला, दोन्ही वेळा गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. शेवटी पोदेर आला पाव घेऊन, त्याने सायकल भिंतीला टेकवली, न बोलता दुसऱ्या बाजूने हात घातला, गाडी उभी केली आणि ४ पाव मोजून दिले. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

आता मागचं थोडं सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. १९८६ साली पहिली गाडी घेतली, सेकंडहँड येझदी, जीडी म्हणजे गोवा-दमण-दीवच्या नंबरची, गोवा राज्य व्हायला अजून वर्ष होतं. त्याच पावसाळ्यात, ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मग काय, बेती ते पणजी फेरीबोट, आणि फेरीच्या लायनीत तासन्‌तास येझदीवर बसून. किक मारायची तोच दांडा खाली वळवला की गिअर, हे आजच्या पोरांना सांगितलं की थाप वाटते. नंतर प्राथमिक शाळेत लागलो आणि बदल्या सगळ्या सत्तरी तालुक्यात, बस जिथे संपते त्याच्या पुढे ३-४ किलोमीटर. म्हणजे तुम्ही लोक ज्याला आज ऑफरोडिंग म्हणता आणि त्याचे बूट वेगळे, पँट वेगळी घेता, ते मी लेंग्यासारखी पँट दुमडून, पायात चप्पल, पाठीला हजेरीपत्रकाची पिशवी असं पगारासाठी केलंय. ओहोळ ओलांडला की पलीकडून पोरं ओरडायची "मास्तर आयलो रे". त्यात वेड कधी लागलं कळलं नाही. रविवारी शाळा नसताना त्याच रस्त्याने आणखी पुढे काय आहे बघायला जाऊ लागलो, तेव्हा बायकोला शंका आली.

मग बुलेट झाली, बुलेटवर २०१० ला लडाख केलं, तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांग चढूनच जावं लागायचं आणि तिथल्या चिखलात अर्धा दिवस गेला. २०१७ ला हिमालयन घेतली, २०१९ ला परत लडाख. (खारदुंगलाच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, खरी उंची १७,५८२ च्या आसपास आहे. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला त्या पाटीसमोर फोटो काढताना जरा जड गेलं, पण काढला.)

निवृत्तीला २ वर्षं आहेत. डॉक्टर म्हणतात गुडघा इतक्यात बदलायची गरज नाही, पण जपा. मुलगी म्हणते बाबा स्कूटर घ्या. बायको काहीच म्हणत नाही, तिचं मला जास्त टेन्शन. मी मनात हिरोची एक्सपल्स २०० धरली आहे, हलकी आहे म्हणून. माझी उंची ५ फूट ५. कोणी या वयात जड गाडीवरून हलक्यावर आलंय का? आणि आलात तर जाता कुठे? की आता बास करावं? खरं खरं सांगा, मन राखायला नको.

म्हापशाचा_गॅरेजवाला

मास्तर, पहिली गोष्ट, त्या चिऱ्यांवर आज संध्याकाळी ब्लीचिंग पावडर टाका आणि सकाळी खराट्याने घासा. अर्धा प्रश्न तिथेच सुटला. जड गाड्या पडतात त्या ९०% अशाच, उभ्या उभ्या, दारात नाहीतर पेट्रोल पंपावर. माझ्याकडे वाकडा क्लच लिव्हर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची स्टोरी ट्रकने कट मारल्याची असते, आणि लिव्हरला हिरवं शेवाळ लागलेलं असतं.

दुसरी गोष्ट, उचलायची पद्धत. तुम्ही गाडीकडे तोंड करून वाकून ओढली असणार. तसं नाही करायचं, कंबर जाते. इंजिन बंद, चावी बंद, गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी केली की तशीच पलीकडे जाते, मी बघितलंय. मग गाडीकडे पाठ करा, सीटला बूड टेकवून खाली बसा, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल नाहीतर फ्रेम, आणि मागे मागे चालत जा बारीक पावलांनी. ताकद मांड्यांची. अर्थात मांडीची ताकद गुडघ्यातूनच जाते, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे सुद्धा डॉक्टरला दाखवूनच.

विकायची असली तर मला सांगा, २०१७ चं मॉडेल म्हणजे स्टिअरिंगचे बेअरिंग बघावे लागतील.

फोंड्याची_रायडर

काका, एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. हलकी म्हणजे बुटकी नव्हे!! तुमच्या ४११ ची सीट ८०० मिमी आहे. एक्सपल्स २०० ४व्ही ची ८२५. वजन १५८ किलो, म्हणजे ४० किलो कमी, तांदळाची एक मोठी गोण उतरली असं समजा, पण सीट इंचभर वर. मी ५ फूट १ आहे. शोरूममध्ये पहिल्यांदा बसले तेव्हा दोन्ही पायांचे अंगठे हवेत, सेल्समन माझ्याकडे बघायच्या ऐवजी फॅनकडे बघत होता.

तरी घेतली आणि ३ वर्षं चालवतेय. गंमत अशी की सस्पेन्शन मऊ आहे, बसल्यावर गाडी खाली दबते, आणि एक बूड सीटच्या कडेला सरकवून एकच पाय पूर्ण टेकवायचा ही सवय झाली की दोन्ही पाय टेकायची गरजच राहत नाही. पण ती सवय मला २९ व्या वर्षी लागली. तुमचा डावा पायच दुखरा आहे का उजवा ते लिहिलं नाहीत. डावा असेल तर नीट विचार करा, कारण थांबताना उजव्याने मागचा ब्रेक आणि डाव्यावर सगळा भार. आणि चढताना पाय वरून फिरवायचा असतो ते वेगळंच. मागे बॅग बांधली की अजून उंच. मी फुटपेगवर उभी राहून सायकलसारखी चढते, साइड स्टँडवर असताना, पण तेही गॅरेजवाले दादा म्हणतील स्टँड वाकतो.

काही लोक मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली करून घेतात. करू नका असं माझं मत. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर, २२० मिमी आहे म्हणून तर ती गाडी घ्यायची, तोच कापला तर मग मुलगी म्हणते तशी स्कूटरच बरी.

स्क्रॅम ४११ पण बघून ठेवा, सेकंडहँड मिळते. सीट ७९५, पुढचं चाक १९ चं. इंजिन तुमचंच, हात बसलेला.

लडाख_दरवर्षी

मास्तर तुम्ही उगाच म्हातारे होताय. नवी हिमालयन ४५० घ्या. ४० पीएस आहेत, ६ गिअर, १७ लिटरची टाकी. २०० सीसी घेऊन पुण्याच्या पुढे हायवेला ट्रक तुम्हाला हॉर्न मारून बाजूला काढतील. जिम लावा, गुडघा नीट होईल.

फोंड्याची_रायडर

४५० चं वजन १९६ किलो आहे भाऊ, सीट ८२५. म्हणजे दोन्हीकडून मार. आणि त्यांनी हायवेचं विचारलंच नाहीये.

लडाख_दरवर्षी

लडाखला हायवेनेच जातात ताई.

वाळपईचा_गवा

तेच तर. लडाखला जायचंय का हे आधी ठरवा, मग गाडी. मी ६३ वर्षांचा आहे, आधी बुलेट ५००, आता ४ वर्षं एक्सपल्स, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे असं धरून चालतो.

आपल्याकडे एक विचित्र प्रकार आहे. २,५०० किलोमीटर लांब गेलं की ॲडव्हेंचर, आणि दारातून ४० किलोमीटरवर वाघाच्या पंजाचे ठसे सापडतात तिथे आपण गेलेलोच नसतो. मी बँकेतल्या नोकरीत असताना तसाच होतो. वर्षाचे ५० आठवडे गाडी कव्हरखाली, २ आठवडे लडाख. गुडघे गेले आणि नाइलाजाने जवळ फिरायला लागलो, तेव्हा कळलं की आपण राहतो ते सत्तरी म्हणजे काय आहे.

आता तुमच्या "जाता कुठे" ला उत्तर. वाळपईहून निघा नाहीतर साखळीहून, केरीवरून अंजुणे धरणाच्या कडेने चोर्ला घाट चढा. वर कणकुंबी, खानापूर तालुका. तिथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यात, भीमगडच्या जंगलात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि ती मांडवी होऊन येते आपल्या पणजीला. एका सकाळी मी कणकुंबीला चहा पीत बसलो होतो आणि पाऊस पडत होता, तर मनात आलं की टपरीच्या पत्र्यावरून ह्या बाजूने पडलेला थेंब एका समुद्रात जाईल आणि त्या बाजूचा दुसऱ्या. भूगोलाचे मास्तर म्हणतील इतकं सोपं नसतं. नसेलच, पण चहा संपेपर्यंत मजा आली. कळसाचे कालवे खणलेले पण तिथेच दिसतात, पेपरात वाचतो ते कर्नाटक-गोव्याचं म्हादईच्या पाण्याचं भांडण तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांना कळतं.

घाटात एक पाळा. अंधार पडायच्या आत खाली उतरा. धुकं एक आणि दुसरं म्हणजे गवे. आपला राज्यप्राणी आहे म्हणून तो काही बाजूला होत नाही. काळं अंग, धुक्यात दिसतात ते फक्त पायातले पांढरे मोजे, आणि ते दिसेपर्यंत तुम्ही १५ फुटांवर असता. दिसला तर हॉर्न नाही, रेस नाही, लाइट खाली करा आणि थांबा. मागे वळायची घाई केलीत तर तुमची गाडी परत दारात पडली तशी पडेल, फक्त तिथे पोदेर नसेल.

दक्षिणेला जायचं असेल तर रिवण. तिथे कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, कोरलेली चित्रं आहेत, बैल आहेत, हरणं आहेत, एक मोठा चकव्यासारखा गोल आहे. १९९३ साली अभ्यासकांच्या नजरेला आली, गावातल्या गुराख्यांना आधीपासून माहीत होतीच. तिथून पुढे नेत्रावळी, बुडबुड्यांची तळी, आणि वर चढत गेलात तर वेर्ले. वेर्लेला राहायची सोय होते गावातल्या लोकांकडे, थंडीत गोधडी लागते, गोव्यात गोधडी लागते हे मुंबईच्या माणसाला पटत नाही. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ तर तुम्ही शाळेच्या सहली घेऊन कंटाळला असाल, १२ व्या शतकातलं, कदंबांचं. पण सहल सोडून, आठवड्याच्या मधल्या वारी, एकटे, सकाळी ८ ला जाऊन बघा.

आता कडू बोलतो. म्हादई, नेत्रावळी ही १९९९ पासून अभयारण्यं आहेत, म्हादई २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी २११. डांबरी सार्वजनिक रस्ता सोडून आतल्या पायवाटेवर गाडी घालायची तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती गाडीसाठी सहसा मिळत नाही, मिळू पण नये. नदीतून बाइक घालून पाणी उडवायचे रील बघितले की माझं डोकं फिरतं. सडे पण सोडा. श्रावण-भाद्रपदात सड्यावर निळी सीतेची आसवं फुलतात, गेंद फुलतात, जेमतेम २ इंच मातीचा थर असतो तो, त्यावरून एकदा जाड दातांचा ऑफरोड टायर गेला की तो चर पुढच्या वर्षी पण तिथेच दिसतो. वेळगे, केरी, मोपा, किती सडे आता उरलेत मोजा. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत वाघीण आणि तिचे ३ बछडे विष घालून मारले गेले, त्यानंतर मी ठरवलं की जिथे रस्ता संपतो तिथे गाडी स्टँडला, पुढे पाय. आणि मास्तर, हलक्या गाडीचा फायदा इथे आहे. २०० किलोची गाडी उतारावर उतरवून परत वळवायची ह्या भीतीने मी १ किलोमीटर आधीच थांबायचो. १५८ किलोची मी एकटा पाठीमागे ओढून वळवतो. इंजिनाचं काय घेऊन बसलात, आपल्याकडे ६० च्या वर गाडी न्यायला रस्ता आहे कुठे, गुरं बसलेली असतात.

पुण्याच्या पुढचे ट्रक पुण्याच्या पुढेच राहू देत.

बेळगावी_कुंदा

गवा साहेब १००% सहमत. फक्त कणकुंबीच्या त्या टपरीवर मिरची भजी खायची राहिली तुमची. चोर्ल्याचा रस्ता पावसात खड्ड्यांनी भरतो, पाणी साचलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, समोरच्या ट्रकची चाकं किती बुडतात ते बघून जावा. आणि पावसात बऱ्याच धबधब्यांवर जायला बंदी असते, चौकीवर आधी विचारा, तिथपर्यंत जाऊन परत फिरायची वेळ येते.

सत्तरीचा_मास्तर

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ब्लीचिंग पावडर टाकली. बायको म्हणाली १० वर्षं सांगतेय.

फोंड्याच्या ताईंनी विचारलं ते बरोबर, गुडघा डावाच. आणि त्यामुळेच तुमचं वाचून जरा घाबरलो होतो.

गवा साहेब, तुमच्या कडू बोलण्यावर एक कबुली द्यायची आहे. १९९४ चा जुलै असेल, शाळेला जाताना ओहोळ फुगलेला होता, गावातल्या एका आजोबांनी हाताने थांब म्हणून खूण केली, तरी मी येझदी घातली कारण तपासणीला साहेब येणार होते. मधोमध बंद पडली. मी घाबरून किक मारत राहिलो, आणि सायलेन्सर पाण्याखाली. नशिबाने किक बसलीच नाही. त्याच आजोबांनी आणि दोन मोठ्या पोरांनी ओढून बाहेर काढली, प्लग काढला, गाडी उलटीपालटी करून किक मारली तर प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली, पोरांना रंगपंचमीसारखं झालं. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. तेव्हा अभयारण्य नव्हतं, कायद्याचा प्रश्न नव्हता, पण आजोबांनी थांब म्हटलं होतं हा प्रश्न होताच. ती शाळा आता पटसंख्या नाही म्हणून बंद आहे. ओहोळावर मात्र पूल झालाय, पोरं होती तेव्हा नव्हता.

काल म्हापशाला जाऊन एक्सपल्स चालवून बघितली. शोरूमवाल्याने पुढचा चौक ते मागचा चौक एवढंच दिलं, पण एका ओळखीच्याची गाडी घेऊन नंतर अस्नोडा ते दोडामार्गच्या बाजूला तासभर फिरलो. ५ फूट ५ ला चवडे टेकतात, टाच नाही. पहिल्या दोन सिग्नलला पोटात गोळा आला. मग ताईंनी सांगितलं तसं एका बाजूला सरकून बसलो, पण डाव्याऐवजी उजवीकडे. म्हणजे थांबताना पुढचा ब्रेक धरायचा, मागचा सोडून उजवा पाय टेकायचा. उताराला नाही जमणार, सपाटीला जमलं. मुद्दाम एका मातीच्या मैदानात गाडी आडवी करून (मालकाला विचारून!) पाठ लावून उचलली. उठली. गुडघा कुरकुरला, पण उठली. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी खेळ थांबवून बघितलं, त्यांना वाटलं काका पडले. दुसऱ्यांदा आडवी केली तेव्हा त्यांना वाटलं काकांना काहीतरी झालंय.

लडाखवाले, राग मानू नका, ४५० वर पण बसून आलो. फार छान गाडी आहे. माझी नाही.

लांबचं मन अजून पूर्ण सुटलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण लडाखला तिथे जाऊन पण गाडी भाड्याने मिळते, विमानाने जाऊन लेहमध्ये २ दिवस गप्प पडून श्वास जमवायचा आणि मग निघायचं, तेवढं २ वर्षांनी फंड मिळाला की बघू. तोवर वेर्ले. तुम्ही गोधडी म्हणालात तेव्हाच बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाली मी पण येणार. आता मागच्या सीटचा प्रश्न नवीन उभा राहिला, ती तर पाटीसारखी आहे.

गॅरेजवाले, हिमालयन बघायला कधी आणू? आणि चाकं ट्यूबवाली आहेत ना एक्सपल्सची, स्पोकची? पंक्चर काढायला शिकावं लागेल, येझदीवर येत होतं, हात विसरले.

म्हापशाचा_गॅरेजवाला

ट्यूबच. पुढे २१ इंच, मागे १८. दोन्ही साइजच्या ट्यूब, टायर काढायचे २ लिव्हर आणि हवेचा पंप बरोबर ठेवा, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर मागचं चाक काढून दाखवा मगच जंगलात जा. वहिनींसाठी मागे जाड फोमची सीट करून देतो, पण सीट जाड केली की उंची वाढते, तेव्हा पुढचा भाग आहे तसाच ठेवू. क्लचची एक स्पेअर केबल जुन्या केबलला टेपने बांधून ठेवायची, तुटली तर तिथल्या तिथे टोकं बदलायची.

गुरुवारी आणा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, गाडी लावायला जागा मिळत नाही.

लडाख_दरवर्षी

हिमालयनची किंमत किती धरलीत मास्तर? माझ्या भाच्याला हवी आहे. क्लच लिव्हर वाकलाय का?

सत्तरीचा_मास्तर

वाकलाय. ट्रकने कट मारला.